इंदूरहून काय काय ऐकू येतं

२२ मे १९५५ रोजी इंदूरच्या मालवा हाउसमधून आकाशवाणीचं प्रसारण सुरू झालं. त्याआधी या शहरात रेडिओ लावायचा म्हणजे लांबचंच स्टेशन लावायचं. देश स्वतंत्र झाला तेव्हा आकाशवाणीची केंद्रं होती सहा: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. माळव्याला त्यातल्या त्यात जवळचं मुंबई, तेही सरळ रेषेत पाचशे किलोमीटर. जुलै १९४८ मध्ये नागपूर केंद्र निघालं. ते पावणेचारशे किलोमीटरवर. एवढ्या अंतरावरची मीडियम वेव्ह दिवसा धड लागत नाही आणि रात्री लागते तेव्हा वर-खाली होत राहते. म्हणून ज्या थोड्या घरांत रेडिओ होता तिथे गच्चीवर तार ताणलेली असे, आणि काटा कुठे थांबवायचा हे घरातल्या एखाद्यालाच नेमकं जमे. त्या काळी देशभर मिळून रेडिओसंच पावणेतीन लाखांच्या आसपास होते. इंदूरच्या वाट्याला त्यातले किती आले असतील याचा अंदाज बांधायला फार गणित लागत नाही.

लांबची, दुबळी, अनोळखी स्टेशनं मुद्दाम शोधून ऐकायची, ती ओळखायची आणि त्याची नोंद ठेवायची, या छंदाला जगभर डीएक्सिंग म्हणतात. अमेरिकेत आणि युरोपात तो वाढला तो गावातलीच स्टेशनं मुबलक असताना, एक प्रकारचा खेळ म्हणून. आपल्याकडे क्रम उलटा लागला. इथे लोकांनी लांबचं ऐकलं ते गरजेपोटी: बातमीसाठी, गाण्यासाठी, क्रिकेटसाठी. त्याला कोणी छंद म्हटलं नाही. गरज संपत आली तेव्हा तो मूठभर माणसांचा खरा छंद झाला, आणि नेमकी तेव्हाच जगभरची स्टेशनं एकामागून एक बंद पडायला लागली. या छंदाबद्दल बोलताना सहसा स्मरणरंजनाचा सूर लागतो. मला तो पुरेसा वाटत नाही, कारण त्यात हवेतल्या गोष्टी राहून जातात आणि राजकारणही राहून जातं.

राजकारणापासून सुरुवात करू. मराठी माणसाला परदेशातून मराठी ऐकू आली ती दुसऱ्या महायुद्धात. बीबीसीने १९४२ च्या मार्चमध्ये लंडनहून मराठी प्रसारण सुरू केलं. त्याच सुमारास सुभाषचंद्र बोसांचा आझाद हिंद रेडिओ जर्मनीतून बोलू लागला होता, आणि त्याच्याही भाषांत मराठी होती. म्हणजे एकाच रात्री, एकाच संचावर, काटा थोडा सरकवला की दोन शत्रुपक्ष मराठीतून एकमेकांना खोटं ठरवत होते. लंडनच्या बाजूला तेव्हा जॉर्ज ऑर्वेल नोकरीला होता. भारतीय भाषांसाठी इंग्रजीत वार्तापत्रं लिहायची आणि इतरांनी त्यांची भाषांतरं करून वाचायची, असं ते काम; मराठीही त्यात होती. त्याच्या सहकाऱ्यांत कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे होत्या, पुढे ज्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी आली. बीबीसीच्या ‘व्हॉइस’ या काव्यविषयक कार्यक्रमाचं १९४२ मधलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात टी. एस. एलियट, ऑर्वेल, मुल्कराज आनंद यांच्या सोबत नऊवारीच्या मुलखातली ही बाई बसलेली दिसते. लंडनची मराठी १९५८ च्या डिसेंबरमध्ये थांबली. पुढे मॉस्को रेडिओही मराठीतून बोलत असे. आपल्या भाषेची परदेशी नभोवाणी हा विषय कोणी नीट लिहायला हवा. मराठीत रेडिओवर जे लिहिलं जातं ते बहुतेक सगळं मुंबई-पुण्याच्या स्टुडिओतल्या आठवणींचं असतं, ऐकणाऱ्याच्या बाजूचं फार थोडं.

गाण्यांच्या बाबतीत तर इंदूरला एक मजेशीर तिढा आहे. लता मंगेशकरांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी याच शहरात झाला. त्यांचा आवाज सगळ्या देशात पोहोचत होता त्याच वर्षांत, म्हणजे १९५२ पासून, माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांचा वेळ कापला, निवड कडक केली, निर्मात्यांशी वाद झाला आणि गाणी जवळजवळ दिसेनाशी झाली. लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी काटा कोलंबोकडे वळवला. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरांत गेला. थोडक्यात, इंदूरच्या मुलीचं गाणं इंदूरच्या माणसाला ऐकायचं तर ते अठराशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या देशातून घ्यावं लागे, कारण एका मराठी मंत्र्याला ते हलकं वाटत होतं. केसकरांवर आजवर पुष्कळ टीका झाली आहे. माझ्या मते त्यांनी नकळत एक उपकारही केला: लाखो माणसांना शॉर्टवेव्हचा काटा फिरवायला शिकवलं.

कोलंबोहून इतकं स्वच्छ का ऐकू यायचं, याचं कारण युद्धात आणि भूमितीत आहे. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडच्या सैनिकांसाठी कोलंबोजवळ एकाला इथे शंभर किलोवॅटचा शॉर्टवेव्ह प्रक्षेपक उभारला गेला होता. युद्ध संपल्यावर तो सिलोनच्या हाती आला. शॉर्टवेव्ह लहर जमिनीलगत फार जात नाही. ती वर जाते, दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबराच्या थरावरून परतते आणि हजार ते तीन हजार किलोमीटरवर उतरते. इंदूर कोलंबोपासून नेमकं त्या टप्प्यात, एका उडीच्या अंतरावर. खुद्द प्रक्षेपकापासून दोन-तीनशे किलोमीटरवरच्या माणसाला जे स्टेशन लागणार नाही, ते माळव्यात खणखणीत लागे. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली, ती कोलंबोला उत्तर म्हणून. तीही सुरुवातीला मुंबई आणि मद्रासच्या शॉर्टवेव्ह प्रक्षेपकांवरूनच. त्यामुळे इंदूरमध्ये स्वतःचं केंद्र आलं तरी लोकांचे कान लांबच राहिले.

बातमीचं तसंच. आणीबाणीत बीबीसीची हिंदी सेवा लोक दारं लावून ऐकत. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या मृत्यूची बातमी आकाशवाणीने संध्याकाळपर्यंत दिली नव्हती. लंडनने ती कितीतरी आधी दिली होती. आणि कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अलींच्या या गावात क्रिकेट वगळून रेडिओबद्दल बोलताच येणार नाही. १९७१ च्या ऑगस्टमध्ये वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवलं तेव्हाचं बीबीसीचं समालोचन, आणि हिवाळ्यात भारतीय संघ ऑस्ट्रेलियात गेला की पहाटे रेडिओ ऑस्ट्रेलिया, यांसाठी शॉर्टवेव्हचा पट्टा असलेला ट्रान्झिस्टर हवाच. साधा दोन बँडचा असला तरी चाले. आवाज लाटेसारखा येई आणि जाई. फलंदाज बाद झाला की नाही हे कळायच्या क्षणीच हमखास जाई.

आता काटेकोर अर्थाने ज्यांना छंदी म्हणावं त्यांच्याकडे येऊ. ते वेगळे ओळखू येतात, कारण त्यांना कार्यक्रमात फारसा रस नसतो. स्टेशन कोणतं, कुठून, किती किलोहर्ट्झवर, किती वाजता, एवढंच त्यांना हवं असतं. त्यांच्या वहीत वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते, त्यामुळे आपल्या रात्रीचे अकरा तिथे १७३० असतात. आवाजाची प्रत पाच आकड्यांत: सिग्नलची ताकद, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, खरखर, चढउतार आणि एकूण मत, प्रत्येकाला पाचपैकी गुण. मग कार्यक्रमाचा तपशील लिहून स्टेशनला पत्र पाठवायचं. तपशील खरा निघाला की उलट टपाली क्यूएसएल कार्ड येतं: तुम्ही आम्हाला खरोखरच ऐकलंत याची छापील पावती. छोटी स्टेशनं परतीच्या टपालखर्चाची अपेक्षा ठेवत. त्यासाठी जागतिक टपाल संघटनेचं आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन असे. कुठलं स्टेशन कधी, कुठल्या लहरीवर, हे सांगणारी या लोकांची पोथी म्हणजे १९४७ पासून निघणारं ‘वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक’. ते महाग, म्हणून एकाची प्रत अनेकांत फिरे. भारतात या लोकांचे क्लब कोलकात्यात आणि चेन्नईत जोरात होते. पुण्याचाही एक धागा आहे: ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओच्या तिथल्या स्टुडिओत सत्तरच्या दशकात एड्रियन पीटरसन ‘रेडिओ मॉनिटर्स इंटरनॅशनल’ नावाचा इंग्रजी कार्यक्रम खास या मंडळींसाठी तयार करत आणि तो श्रीलंकेहून प्रसारित होई.

याच्या शेजारी दुसरी, खूप मोठी जमात होती: श्रोता संघांची. मध्य प्रदेश, बिहार, राजस्थानच्या लहान गावांतून मॉस्को, पूर्व बर्लिन, पेकिंग, कोलोन इथे पोस्टकार्डांचा पाऊस पडे. ही स्टेशनं उत्तरादाखल कॅलेंडर, झेंडे, बिल्ले, पुस्तकं पाठवत. शीतयुद्धात श्रोत्याचं पत्र ही किमती वस्तू होती. परदेश खात्याला खर्चाचा हिशेब देताना तीच दाखवायची. त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकांना खूश ठेवत. आवाज कसाही आला तरी पाचपैकी पाच गुणांची खिरापत होई आणि कार्यक्रम नेहमीच उत्कृष्ट असे. काटेकोर छंदी या लोकांना नाकं मुरडत. अहवालाच्या खरेपणाचा प्रश्न असेल तर त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण टीचभर गावातल्या मुलाला पूर्व बर्लिनहून त्याच्या नावाने पाकीट यावं, ही गोष्ट केवळ कॅलेंडरच्या हावेत मोजता येत नाही. रेडिओ बर्लिन इंटरनॅशनल २ ऑक्टोबर १९९० रोजी पूर्व जर्मनी या देशाबरोबरच संपलं. त्या कार्डांवरचा देशच आता नकाशावर नाही.

इंदूरहून ऐकण्याची खरी गंमत मात्र कार्डात नसून डोक्यावरच्या हवेत आहे. कर्कवृत्त इथून थोडंसंच उत्तरेला, उज्जैनजवळून जातं. विषुववृत्तावरच्या आयनांबरातले विद्युतकण दिवसा वर उचलले जातात आणि चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना जाऊन उतरतात. तिथे त्यांची दाट रास होते. त्या उत्तरेकडच्या राशीचा माथा साधारण माळव्यावरून जातो. इंदूरच्या आयआयटीत उपग्रहांच्या संदेशांवरून याच थराचा अभ्यास चालतो, तो या जागेमुळेच. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की दुपार कलल्यापासून रात्रीपर्यंत, उत्तर भारतातल्या माणसाला जे उंच पट्टे लवकर मिटतात ते इथे अधिक वेळ उघडे राहू शकतात. त्याची किंमतही आहे. सूर्यास्तानंतर हीच रास अस्थिर होते आणि सिग्नल फडफडत राहतो. सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्र यात भर घालतं. सध्याच्या चक्राचा कळस २०२४ मध्ये होऊन गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आलेल्या सौर वादळात लडाखच्या हानलेला आकाश तांबडं झालं होतं. अशा वादळात ध्रुवांकडून वळून येणारी शॉर्टवेव्ह दिवस-दिवस मुकी होते.

मीडियम वेव्हचा शास्त्रार्थ वेगळा. दिवसा आयनांबराचा खालचा थर ती लहर गिळून टाकतो. सूर्य बुडला की तो थर विरतो आणि हजारो किलोमीटरवरची स्टेशनं अंगावर येतात. थंडीतल्या लांब, विजांशिवायच्या रात्री उत्तम. पावसाळ्यात कुठे तरी दूर कडाडणारी प्रत्येक वीज कानात फुटते. या पट्ट्यावर आपल्या भागात स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवलेली आहेत आणि एका आकड्यावर अनेक देश नांदतात. ५८५ वर नागपूरही आहे आणि इस्लामाबादही. ट्रान्झिस्टरच्या आतली, एरियलचं काम करणारी फेराइटची कांडी ज्या दिशेला टोक करते त्या दिशेचं तिला ऐकू येत नाही. कांडीचं टोक उत्तरेच्या किंचित पश्चिमेला, इस्लामाबादकडे धरलं की नागपूर वर येतं. संच फिरवून टोक पूर्व-आग्नेयेला नेलं की नागपूर बुडतं आणि खालून उर्दू उगवते. संच हातात धरून गोल फिरणारा माणूस घरच्यांना वेडा वाटतो, पण त्याचा तो होकायंत्राचा प्रयोग चालू असतो.

खुद्द इंदूर केंद्राचा आकडा ६४८ किलोहर्ट्झ, लहर चारशे त्रेसष्ट मीटरची, प्रक्षेपक दोनशे किलोवॅटचा. याच आकड्यावर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ऑरफर्डनेसहून २०११ पर्यंत बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस युरोपसाठी बोलत होती, आणि २०१७ पासून तिथूनच, त्याच आकड्यावर, एके काळी समुद्रातल्या जहाजावरून बिनपरवाना गाणी वाजवणारं रेडिओ कॅरोलाइन चालू आहे. इंदूरच्या माणसाला या दोघांपैकी कोणीही लागायची आशा नव्हती. घरचा प्रक्षेपक डोक्यावर असताना त्याच आकड्यावर दुसरं काय ऐकणार? आकाशवाणीच्या सभा संपून प्रक्षेपक थंड व्हायचा तेवढाच काय तो वेळ मोकळा. दूरचं ऐकणाऱ्याला आपल्याच गावचं स्टेशन हा सगळ्यात मोठा अडथळा असतो, हे या छंदाचं न सुटणारं कोडं.

४ ऑक्टोबर २००१ रोजी रेडिओ मिर्चीने देशात पहिल्यांदा इंदूरमध्येच पाऊल टाकलं. एफएमची लहर सरळ जाते, क्षितिजापाशी संपते. अरबी समुद्रावर उन्हाळ्यात हवेचे थर असे बसतात की ती कधी कधी वाट चुकून फार लांब जाते. युद्धकाळात मुंबईजवळच्या रडारला चक्क अरबस्तानचा किनारा दिसला होता तो असाच. पण माळव्याच्या पठारावर समुद्राची ती मेहेरबानी नाही. एफएमने शहराला स्वतःचा, चुरचुरीत, इंदोरी बोलीतला आवाज दिला, ते चांगलंच झालं. ऐकण्याची लांबी मात्र पाच-पन्नास किलोमीटरवर आली.

त्यानंतर बंद पडलेल्या स्टेशनांची यादी पटकन आटोपतो, कारण ती सारखीच आहे. जर्मनीची हिंदी रेडिओसेवा २०११ मध्ये गेली, हॉलंड २०१२ मध्ये शॉर्टवेव्हवरून उतरलं, मॉस्को २०१४ मध्ये, ऑस्ट्रेलिया ३१ जानेवारी २०१७ रोजी, आणि बीबीसी हिंदी बरोबर तीन वर्षांनी, ३१ जानेवारी २०२० रोजी. आकाशवाणीनेही आपले प्रादेशिक शॉर्टवेव्ह प्रक्षेपक एकेक करून मिटवले. मुंबई आणि भोपाळ ही एके काळी जगभरच्या छंद्यांच्या वह्यांत हमखास सापडणारी नावं होती. बाहेरच्यांना पैशांची अडचण असेल. आकाशवाणीच्या बाबतीत मला हा निर्णय उथळ वाटतो. एका प्रक्षेपकात सातपुडा आणि डांग दोन्ही झाकणारी दुसरी यंत्रणा नाही, आणि मोबाइलचा टॉवर पुरात सगळ्यात आधी पडतो.

छंद्यांना विचाराल तर ते बंद स्टेशनांपेक्षा विजेच्या खरखरीला जास्त शिव्या देतील. एलईडी दिव्यांचे स्वस्त चोक, चार्जर, लिफ्टचे नियंत्रक, छतावरच्या सौर पॅनेलचे इन्व्हर्टर हे सगळे रेडिओच्या पट्ट्यात कचरा ओततात. स्वच्छतेत देशात पहिलं येणाऱ्या शहरात हा कचरा कोणी मोजत नाही. निपानिया किंवा सुपर कॉरिडॉरच्या उंच इमारतीतल्या सदनिकेत चांगला संचही आंधळा होतो. २००० च्या आसपास मध्य प्रदेशात तासन् तास भारनियमन असे, तेव्हा सगळं शहर वैतागायचं. सेलवरचा रेडिओ असलेल्याला मात्र तो सणच, कारण वीज गेली की पट्टा एकदम नितळ व्हायचा. आता उपाय म्हणजे बायपासच्या पलीकडे शेतात जाणं, किंवा एखाद्या रविवारी मांडू गाठणं, आणि सोबत वीस-तीस मीटर तार.

दुसरा उपाय संगणकाचा. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाने २००८ मध्ये आपला रिसीव्हर सगळ्या जगाला खुला केला. इंटरनेटवरून घरबसल्या त्याचा काटा फिरवता येतो. असे रिसीव्हर आता जगात शेकड्यांनी आहेत. जुन्या मंडळींना ही लबाडी वाटते. मी मधला आहे. शिकायला, एखादं स्टेशन खरंच चालू आहे की नाही हे ताडायला, आकाशवाणी युरोपात कशी पोहोचते ते बघायला याच्यासारखं साधन नाही. पण हॉलंडच्या एरियलवर पडलेली लहर इंदूरला ऐकली म्हणून ती इंदूरला आली असं होत नाही, आणि नोंदवहीत ती लिहू नये. स्वस्तात सुरुवात करायची तर संगणकाला जोडायचा छोटा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) डोंगल घ्या किंवा टेकसनचा एखादा लहान संच. चीनची हिंदी सेवा, जपान, रोमानिया, तुर्कस्तान आणि श्रीलंकेतल्या पुत्तलमचं ८८२ किलोहर्ट्झवरचं धर्मप्रचाराचं चारशे किलोवॅटचं स्टेशन, एवढी मंडळी तार ताणल्याबरोबर भेटतात. चिनी अडथळ्याचं ढोल-झांजांचं संगीतही भेटेल. ते कुणाचा तरी आवाज दाबण्यासाठी असतं. कुणाचा ते शोधणं हा स्वतंत्र खेळ.

स्टेशनं बंद पडण्यात एक उलटा न्यायही आहे, आणि तो मला सध्या सगळ्यात रंजक वाटतो. नागपूरचा १५६६ किलोहर्ट्झवरचा हजार किलोवॅटचा प्रक्षेपक १९८८ पासून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्रभर वाजवत असे. त्या काळात मध्य भारतात या आकड्यावर दुसरं काही ऐकणं अशक्य होतं. २०१८ च्या अखेरीस ती वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. त्याच आकड्यावर कोरियाच्या जेजू बेटावर अडीचशे किलोवॅटचं एक ख्रिस्ती स्टेशन आहे, इंदूरपासून पाच हजार किलोमीटरवर. नागपूर गप्प असेल त्या रात्री ते ऐकून पाहण्यासारखं आहे. बलाढ्य स्टेशनं गेली की दुबळ्यांना जागा होते. सूर्याचं चक्र आता उतरणीला लागलं आहे आणि उतरणीची वर्षं मीडियम वेव्हच्या लांबच्या पल्ल्याला नेहमीच चांगली. पुढचा तळ या दशकाच्या शेवटाला किंवा त्याच्या थोडं पुढे येईल. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी नभोवाणीने आपली मीडियम वेव्ह याआधीच मिटवली आहे, ब्रिटनचीही ओसरते आहे. त्या वर्षांत पट्टा कदाचित कधी नव्हता इतका मोकळा असेल. त्यावर बोलायला कोण उरलेलं असेल, हे मात्र सूर्याच्या हाती नाही. ते दिल्ली, लंडन आणि बीजिंगच्या अंदाजपत्रकांत ठरणार आहे.